चोवीस तासांचा हिशेब

आमच्या घरच्या बोलीत धीट माणसाला 'दिल-गुर्देवाला' म्हणतात. काळजाच्या जोडीने मूत्रपिंडालाही हिमतीत वाटा देणारा हा शब्द मला लहानपणापासून आवडतो. मराठीत धीटपणा छातीत असतो, काळजात असतो. मूत्रपिंडाला तो मान कुणी दिलेला नाही. भंडाऱ्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. उत्सर्जन संस्थेचा पाठ आला की फळ्यावर राजम्याच्या दाण्यासारखी दोन चित्रे काढायची, बाण दाखवायचे, नेफ्रॉनला नाव द्यायचे आणि पुढच्या पाठाकडे वळायचे, असा माझा दहा-बारा वर्षांचा शिरस्ता. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर जातो, हे वाक्य मी किती वर्गांना लिहून दिले असेल! पण ही गाळणी किती चालते ते मोजायचे कसे, हे एकाही मुलाने कधी विचारले नाही. पुस्तकातही ते नव्हते. तो प्रश्न शेवटी अम्मीने विचारला.

अम्मीचे वय ६८. वजन ४२ किलो. पवनी तालुक्यातल्या गावात, वैनगंगेच्या काठाजवळ तिचा सारा जन्म गेला. अब्बांची मजुरी पुरत नसे म्हणून वीस-बावीस वर्षे तिने सूप मांडीवर घेऊन बिड्या वळल्या. आता ती माझ्या भावाकडे असते. बारा वर्षांपासून शुगर, आठ वर्षांपासून बी.पी. गुडघ्यांसाठी मेडिकलच्या दुकानातून मागून आणलेली दुखण्याची गोळी ती रोज घ्यायची, सकाळच्या चहाबरोबर, जणू बिस्किटच. थंडीच्या दिवसांत तिच्या पायांवर सूज आली. भावाने तिला माझ्याकडे आणून सोडले. भंडाऱ्यातच रक्त तपासले. इतर आकड्यांत एक ओळ होती: क्रिएटिनिन १.३. शेजारी छापलेली मर्यादा ०.६ ते १.४. आकडा ठळक नव्हता, त्यापुढे बाण नव्हता. भाऊ फोनवर म्हणाला, "नॉर्मल है ना? फिर क्या टेन्शन!"

सूज उतरेना म्हणून तिला नागपूरला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, अम्मीला वजनकाट्यावर उभे केले, वय विचारले आणि औषधाच्या चिठ्ठीच्या मागे एक गणित मांडले. मी खुर्चीतून मान उंच करून पाहत होते. शिक्षकाची सवय, कुणी गणित मांडले की आधी मांडणी तपासायची. १४० मधून वय वजा. त्याला वजनाने गुणायचे. खाली ७२ गुणिले क्रिएटिनिन. रुग्ण स्त्री असेल तर येणाऱ्या उत्तराला ०.८५ ने गुणायचे. आमच्या भाषेत वर शुमारकुनिंदा, खाली नसबनुमा. अम्मीच्या बाबतीत एक गंमत झाली. १४० मधून ६८ गेले की ७२ उरतात. म्हणजे वरचे ७२ आणि खालचे ७२ कटले. उरले फक्त वजन भागिले क्रिएटिनिन. ४२ भागिले १.३, म्हणजे ३२.३. त्याचे ०.८५ पट केले की २७ आणि वर थोडे.

"सत्तावीस," डॉक्टर म्हणाले. "मिनिटाला सत्तावीस मिलिलिटर. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो."

अम्मी माझ्याकडे पाहू लागली. तिला फक्त 'सत्ताईस' आणि 'सौ' एवढेच कळले होते, आणि तेवढे पुरेसे होते.

परतीच्या एस.टी.त मी वहीच्या पानावर तेच सूत्र आमच्या शेजारच्या मुलासाठी लावून पाहिले. तो तिशीचा, ७८ किलोचा, राइस मिलमध्ये पोती उचलतो. त्याचे क्रिएटिनिन मला कुठून माहीत असणार. मी अम्मीचेच १.३ धरले. ११० गुणिले ७८ भागिले ७२ गुणिले १.३. उत्तर आले ९२ च्या जवळ. एकच १.३. एकाच्या कागदावर तो तब्येतीचा दाखला, दुसरीच्या कागदावर तीन चतुर्थांश गाळणी बंद पडल्याची खबर. आणि प्रयोगशाळेचा छापील कागद दोघांनाही एकच मर्यादा दाखवतो. हिंदी सिनेमातल्या पोलिसासारखे आहे हे. ठाण्यात आलेल्या प्रत्येकाला एकाच काठीने मोजायचे.

हे असे का होते, ते अम्मीला समजावताना मलाच नीट समजले. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. स्नायूंत क्रिएटिन नावाचा पदार्थ साठलेला असतो, त्याचा एक-दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन रक्तात येतो. माणूस तोच, स्नायू तेवढेच, तर कचराही रोज जवळपास तेवढाच. मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकते. मी अम्मीला तिच्या ओसरीची आठवण दिली. बिड्या वळताना रोज सारखीच तंबाखूची धूळ फरशीवर पडायची. झाडणारी रोज नीट झाडत असेल तर फरशीवर ठरावीक धूळ दिसेल. झाडणारी म्हातारी झाली, निम्मेच झाडू लागली, तर धूळ वाढत वाढत दुप्पट होईल आणि तिथे थांबेल. म्हणजे धुळीवरून झाडणारीची ताकद कळते. पण ओसरीत दहा बायका बसून बिड्या वळत असतील तर धूळ जास्त, एकटी बसली असेल तर कमी. अम्मीच्या अंगात बायका थोड्या राहिल्या आहेत. धूळच कमी पडते. म्हणून झाडणारी जवळपास बसून गेली तरी फरशी स्वच्छ वाटते.

"मतलब मैं दुबली हूँ इसलिए बीमारी छुप गयी," अम्मी म्हणाली. दहावीच्या मुलांना मी व्यस्त चलन शिकवते तेव्हा इतक्या लवकर कुणाला कळत नाही.

व्यस्त चलनाला आमच्याकडे माकूस म्हणतात. एक राशी निम्मी झाली की दुसरी दुप्पट. याचा आलेख सरळ रेषा नसतो, वाकडा उतरतो. इथे फसगत आहे. एखाद्या बाईचे क्रिएटिनिन ०.७ होते आणि ते १.३ वर गेले, तर दोन्ही आकडे छापील मर्यादेच्या आत, पण गाळणी निम्मी गेली. पुढे ३ चे ४ झाले की घरचे लोक घाबरतात, धावपळ होते. वास्तविक तोवर गमावण्यासारखे फार थोडे उरलेले असते. मोठी हानी सुरुवातीच्या शांत भागात होऊन गेलेली असते.

डॉक्टर मात्र सत्तावीसवर थांबायला तयार नव्हते. त्यांचे म्हणणे, इतक्या किरकोळ शरीराच्या बाईत सूत्रांवर फार भरवसा ठेवू नये, प्रत्यक्ष मोजू. त्यासाठी चोवीस तासांची लघवी जमा करायची. त्यात किती क्रिएटिनिन बाहेर आले ते मोजायचे, त्याच दिवशी रक्तातले मोजायचे, आणि भागाकार करायचा. पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घ्या म्हणाले.

खरी अडचण इथून सुरू झाली.

अम्मी त्या वेळी माझ्या घरी होती, म्हणजे दामादच्या घरी. आमच्यात आजही जुन्या वळणाच्या बायका जावयाच्या घरी पाणी पितानाही संकोचतात. तिथे चोवीस तास स्वतःची लघवी डब्यात भरून ठेवायची? शिवाय ती पाच वेळची नमाजी. लघवीचा थेंब कपड्याला लागला तर कपडा नापाक, धुतल्याशिवाय नमाज नाही. "घर में नापाक चीज कहाँ रखूँ? और दामाद देखेंगे तो?" ती रडायलाच लागली. मी काही बोलायच्या आत माझे मियां बाहेर गेले आणि तासाभराने कॅन घेऊन आले. गरम पाण्याने स्वतः तो विसळला, उन्हात उपडा ठेवला, आणि न्हाणीच्या कोपऱ्यात एका जुन्या बादलीत थंड पाणी भरून त्यात ठेवून दिला, कारण कॅन थंड जागी ठेवायचा होता. फ्रिजचे नाव मीच काढले नाही. ते अम्मीला एवढेच म्हणाले, "अम्मी, हकीम साहब को कारूरा नहीं दिखाते थे क्या?"

हा शब्द ऐकून अम्मी जरा सावरली. कारूरा म्हणजे ती काचेची बाटली, जिच्यात रुग्णाची लघवी हकिमाकडे न्यायची. पुढे त्या लघवीलाच कारूरा म्हणू लागले. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये लघवीचा रंग, गढूळपणा, वास, फेस, तळाचा गाळ यांवर सविस्तर विवेचन आहे. अम्मीच्या लहानपणी गावात एक हकीम येत, ते बाटली उजेडाकडे धरून पाहत. तेव्हा कुणाला लाज वाटत नसे. बाटलीला उर्दू-अरबी नाव होते तोवर ती दवा होती, प्लॅस्टिकचा कॅन झाला तशी ती घाण झाली, असे काहीसे आपल्या मनात चालत असावे.

आता नियम. सकाळी सहा वाजता सुरुवात ठरवली. सहाची पहिली लघवी फेकून द्यायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, प्रत्येक वेळची कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पुन्हा जायचे आणि ती मात्र कॅनमध्ये टाकायची. अम्मीला हे पटेना. आज सकाळची फेकायची आणि उद्या सकाळची ठेवायची, हा कुठला न्याय? मी तिला सट्टेदाराचा हिशेब सांगितला. सट्टेदार आजच्या बिड्या मोजतो तेव्हा काल वळून ठेवलेला माल आधी बाजूला करतो की नाही? सकाळी सहाला मूत्राशयात जे असते ते रात्रीचे काम, कालचा माल. तो बाहेर काढून टाकला की पाटी कोरी. मग उद्या सहापर्यंत जे बनेल ते सगळे आजचे. "हाँ," ती म्हणाली, "वरना सट्टेदार को घाटा."

कॅन भरला, मी रजा टाकून प्रयोगशाळेत दिला. रक्तही दिले. रिपोर्ट आला: चोवीस तासांची लघवी ७०० मिलिलिटर. त्यातले क्रिएटिनिन दर १०० मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅम. रक्तातले १.३. मी स्वयंपाकघरातच गणित केले. ४० गुणिले ७०० म्हणजे २८,०००. दिवसाची १,४४० मिनिटे, भागले. १९.४ आले. त्याला १.३ ने भागले.

पंधरा.

पंधराच्या खाली गेले की मूत्रपिंडाच्या आजाराची शेवटची, पाचवी पायरी, आणि डायलिसिसची बोलणी सुरू होतात, एवढे मी तोवर वाचले होते. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडून बसणे. सरकारी योजनेत ते होते हेही माहीत होते; महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे आणि २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. तरी गाव पवनीकडचे, भाऊ शेतात, मी शाळेत. कोण नेणार, कोण आणणार? त्या रात्री मी आणि मियां दोघेही झोपलो नाही. अम्मी मात्र झोपली होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि 'पंधरा'कडे पाहिलेच नाही. त्यांनी दुसराच गुणाकार केला. ७०० मिलिलिटर, शंभराला ४०, म्हणजे दिवसभरात एकूण २८० मिलिग्रॅम क्रिएटिनिन. "ह्यांच्या वयाच्या आणि वजनाच्या बाईच्या अंगातून दिवसाला पाचशेच्या आसपास तरी यायला हवे. अर्धे कुठे गेले?" मग अम्मीकडे वळून हसत म्हणाले, "माँजी, रात को कितनी बार उठीं?"

अम्मीने मान खाली घातली. रात्री ती तीनदा उठली होती. न्हाणीचे दार वाजते, दामाद जागे होतील, दिवा लावावा लागतो, म्हणून अंधारातच बाहेरच्या संडासात जाऊन आली होती. दोन-तीन वेळचे नाही टाकले तर काय बिघडते, असे तिला वाटले. मला त्या क्षणी तिचा राग आला नाही. उलट त्या तपासणीबद्दल आदर वाटला, की तिच्यात स्वतःलाच तपासण्याची सोय आहे. स्नायू खोटे बोलत नाहीत. मूत्रपिंड कितीही आजारी असो, रक्तातला आकडा स्थिर असेल तर जेवढा कचरा तयार होतो तेवढा चोवीस तासांत बाहेर यावाच लागतो. हिशेब जुळला नाही तर दोष मूत्रपिंडाचा नाही, कॅनचा आहे.

दुसऱ्या खेपेला मियां दोन दिवसांसाठी मुद्दाम त्यांच्या बहिणीकडे तुमसरला गेले. न्हाणीत रात्रभर दिवा ठेवला. या वेळी १,४०० मिलिलिटर भरले. शंभराला ४०, एकूण ५६० मिलिग्रॅम. १,४४० ने भागून ३८.९, आणि १.३ ने भागून ३० ला किंचित कमी. पंधरा आणि तीस यांच्यामध्ये फक्त एका रात्रीची भीड उभी होती.

पण आता माझ्यापुढे आकड्यांची रांग झाली. चिठ्ठीवरचे सत्तावीस. कॅनचे तीस. आणि प्रयोगशाळेच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत छापलेले 'ईजीएफआर ४५'. आई एक, मूत्रपिंडे दोन, उत्तरे तीन. गणिताच्या पेपरात मी असे उत्तर खपवून घेतले नसते. म्हणून शाळा सुटल्यावर वाचत बसले.

चिठ्ठीवरचे सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांचे, १९७६ सालचे, कॅनडातले. त्यांनी ते २४९ रुग्णांवरून काढले. हे रुग्ण जवळपास सगळे पुरुष. माजी सैनिकांच्या रुग्णालयातले. मग स्त्रियांचे ०.८५ कुठून आले? तर बायकांत स्नायू कमी, म्हणून पंधरा टक्के कमी धरू, असे ठरवले. मोजून काढलेला तो आकडा नव्हता. अर्ध्या मानवजातीचा हिशेब अंदाजाने! आश्चर्य एवढेच की तो अंदाज बराचसा जमला आणि आज पन्नास वर्षांनीही औषधाचा डोस ठरवायला हे सूत्र वापरतात.

पंचेचाळीस देणारे सूत्र नवे, २०२१ चे, अमेरिकेतले. त्याच्या आधीच्या १९९९ आणि २००९ च्या सूत्रांत आणखी एक गुणक होता: रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर वाढवून धरायचे. म्हणजे रक्त तेच, वय तेच, पण वंश सांगितला की मूत्रपिंड कागदावर सुधारणार, आणि आजार उशिरा नोंदला जाणार. बराच वाद होऊन २०२१ मध्ये तो गुणक काढून टाकला. माणसाची जमात पाहून त्याच्या शरीराचा आकडा बदलायचा, ही गोष्ट वाचताना मी बराच वेळ पान उलटले नाही.

या नव्या सूत्रात वजन नाही. उत्तर १.७३ चौरस मीटर त्वचेच्या शरीरासाठी असते. हे १.७३ म्हणजे १९२० च्या दशकातल्या पंचवीस वर्षांच्या अमेरिकन माणसाची सरासरी. अम्मीची उंची १४८ सेंटिमीटर. तिचे क्षेत्रफळ १.३१ भरते. त्या प्रमाणात पंचेचाळीसचे चौतीस होतात. म्हणजे सत्तावीस, तीस, चौतीस. भाऊबंद वेगळ्या घरांत राहत असले तरी मोहल्ला एकच निघाला. त्यातही कॅनचा आकडा खऱ्याहून थोडा मोठाच असतो, कारण क्रिएटिनिन फक्त गाळणीतूनच येत नाही, थोडेसे नलिकांच्या भिंतींतूनही लघवीत झिरपते, आणि मूत्रपिंड जितके दुबळे तितका या झिरप्याचा वाटा मोठा. डॉक्टरांनी म्हणूनच 'तीसच्या खाली' असे धरून औषधे लिहिली.

खुद्द क्रिएटिनिन मोजण्याची रीत याहून जुनी. १८८६ मध्ये जर्मनीत मॅक्स याफे यांनी पाहिले की अल्कलीयुक्त द्रावणात पिक्रिक आम्ल घातले की क्रिएटिनिनला तांबूस नारिंगी रंग येतो. रंग जितका गडद, क्रिएटिनिन तितके जास्त. आज एंझाइमची अधिक नेमकी रीत आहे, तरी गावोगावच्या प्रयोगशाळा अजून मोठ्या प्रमाणावर याफेच्याच रंगावर चालतात. पिक्रिक आम्ल एकेकाळी तोफगोळ्यांत भरत. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे आमच्या मुलांना स्फोटके हा शब्द नवा नाही. वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचेही जागे झाले. कोपनहेगनच्या पॉल ब्रांट रेबर्ग यांनी १९२६ मध्ये स्वतः क्रिएटिनिन पिऊन, स्वतःची लघवी मोजून गाळणीचा वेग काढला. हे मी अम्मीला मुद्दाम सांगितले. "गोरे लोग भी डब्बे में जमा करते थे?" तिला बरे वाटले.

आपल्याकडची शरीरे या सूत्रांत नीट बसत नाहीत, ही तक्रार डॉक्टरांचीही आहे. स्नायू कमी आणि रोजच्या जेवणात मांस कमी असले की क्रिएटिनिन कमी राहते आणि मूत्रपिंड कागदावर खऱ्याहून चांगले दिसते. उलट शिजवलेले मांस भरपूर खाल्ले की काही तास रक्तातले क्रिएटिनिन वाढते, म्हणून बकरीदच्या दुसऱ्या दिवशी कुणी ही तपासणी करू नये. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. त्यांच्यातही क्रिएटिनिन फसवे कमी दिसते. माझ्या वर्गात अशी एक मुलगी आहे. तिच्या वालिदांना मी क्रिएटिनिनसोबत लघवीतले अल्ब्युमिनही तपासून घ्या म्हणून सांगितले. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातून मूत्रपिंडाच्या आजाराच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. तिथल्या धान कापणाऱ्या नव्हे, कापूस वेचणाऱ्या बाईचे वजनही चाळीस-बेचाळीसच भरत असणार. तिच्या रिपोर्टवरही १.३ पुढे बाण येणार नाही.

आता रोज्यांचे. रमजान दीड महिन्यावर होता. अम्मीने वयाच्या बाराव्या वर्षापासून आजारपण-बाळंतपण सोडता रोजा चुकवला नव्हता, आणि चुकलेले नंतर भरून काढले होते. शुगर आली तरी धरतच होती. डॉक्टर म्हणाले, नाही. दिवसभर पाणी नाही म्हणजे आधीच दमलेल्या मूत्रपिंडावर आणखी ताण, वर शुगरची भीती. दुखण्याची गोळी कायमची बंद, मेटफॉर्मिन बंद, दुसरे औषध सुरू, मीठ कमी. या सगळ्याला तिने मान हलवली. रोज्यावर मात्र ती गप्प झाली.

घरी आल्यावर तिने मला समोर बसवले. "तू मास्टरनी है. सच बता. मेरा गुर्दा कितना बचा है? सत्ताईस, पंद्रह, तीस, पैंतालीस, इनमें से कौन सा अल्लाह के पास लिखा है?"

मी वही उघडली आणि सगळी गणिते पुन्हा तिच्यापुढे मांडली, पंधरा सोडून. म्हटले, अम्मी, यातला एकही आकडा पक्का नाही. सगळे अंदाज आहेत. पण पंचेचाळीस धरला तरी अर्ध्याहून जास्त गेलेच आहे. कोणत्याही बाजूने मोजले तरी रोजा परवडणारा आकडा निघत नाही. तिने मोहल्ल्यातल्या मौलवी साहेबांनाही विचारले. त्यांनी सांगितले की आजाऱ्याला सवलत खुद्द कुराणातच आहे, जाणत्या डॉक्टरचे ऐका. आणि बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात एका रोज्यामागे एका गरिबाला जेवण, फिदया. अम्मीने तीस दिवसांचा फिदया स्वतःच्या निराधार योजनेच्या पैशांतून काढून दिला. मी देऊ केला तो घेतला नाही. आणि महिनाभर सहेरीला सगळ्यांच्या आधी उठून तिनेच पोळ्या भाजल्या. इफ्तारपर्यंत आमच्यासमोर पाणीही पीत नसे. मागच्या खोलीत जाऊन, पदर डोक्यावर ओढून, चोरी केल्यासारखी प्यायची. तिला रोखणे मला जमले नाही, आणि फार प्रयत्नही मी केला नाही. पाणी पोटात जात होते एवढे मी पाहत होते.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो, त्याच प्रयोगशाळेत. मी आलेख कागदावर बिंदू मांडते. १.३, १.३, १.४, १.३. डॉक्टरांचे म्हणणे, एका आकड्यापेक्षा रेघेचा कल पाहा. सूज आता नाही. कॅनची गरज पुन्हा पडली नाही.

कॅन मी फेकणार होते, पण अम्मीने तो धुऊन जाळीवर ठेवून दिला. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या सासूला हीच तपासणी सांगितली. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. मी शाळेच्या वह्या तपासत होते. अम्मीने तिला आत बोलावले, मोढ्यावर बसवले आणि जाळीवरचा कॅन काढून तिच्या हातात दिला.

"सुन," ती म्हणाली, "फजर वाली पहली फेंक देना. वो कल का माल है. और रात को बत्ती जलती रखना, दामाद-वामाद की शर्म मत करना."

"सून हूँ मैं तो," ती बाई म्हणाली. "घर उन्हीं का है."

"तो फिर क्या," अम्मी म्हणाली आणि तिला पाण्याची बादली कुठे ठेवायची ते दाखवायला न्हाणीकडे घेऊन गेली.